आधी तुमच्या ताज्या कलमाबद्दल

'ताई, नमस्कार. माझं वय ३९. गेलं वर्षभर थकवा पाठ सोडत नाही. सात तास झोपूनही सकाळी अंग जड असतं, दुपारी तीननंतर डोळ्यांवर झापड येते, दोन जिने चढले की धाप लागते. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. ऑफिसातली मैत्रीण "सेल्युलर एनर्जी"ची कॅप्सूल घेते. त्यात कोएन्झाइम क्यू १०, एनएडी वाढवणारं काहीतरी, कार्निटिन आणि सगळी बी जीवनसत्त्वं आहेत. दोन आठवड्यांत ती ताजीतवानी झाली म्हणते. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. दूध चहापुरतंच. चहा मात्र पाच-सहा वेळा होतो, जेवणावर तर लागतोच. वजन कमी करायचं म्हणून सहा महिन्यांपासून रात्रीचं जेवण बंद केलंय. गेल्या वर्षी हिमोग्लोबिन १२.१ होतं, डॉक्टर नॉर्मल म्हणाले. नवरा म्हणतो, हे मनाचे खेळ आहेत. ही कॅप्सूल घेऊ का? आणि पेशींना ऊर्जा मिळावी म्हणून नेमकं काय खाऊ?

ता. क. पाळीत पहिले तीन दिवस दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. पण ते पूर्वीपासूनच आहे.'

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रश्न कॅप्सूलचा आहे, पण मला सुरुवात ताज्या कलमापासून करायची आहे. संपूर्ण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलीत आणि 'पण ते पूर्वीपासूनच आहे' म्हणून मिटवूनही टाकलीत. किती बायका असंच लिहितात! जुनं दुखणं सवयीचं होतं आणि सवयीचं झालं की ते दुखणं वाटेनासंच होतं.

तीन दिवस दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं ही अंगावर काढण्यासारखी पाळी नव्हे. एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर वैद्यकशास्त्र त्याला अतिरक्तस्राव म्हणतं. घरी कुणी मोजत नाही, म्हणून डॉक्टर खुणा विचारतात: तास-दोन तासांत भिजणारं पॅड, मोठ्या गाठी, रात्री उठून बदलावं लागणं, सात दिवसांपुढे लांबणारी पाळी. तुमची एक खूण तर पक्की आहे.

आता जरा हिशेब मांडू. १ मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. ८० मिलिलिटर गेलं की ४० मिलिग्रॅम. आकडा किरकोळ वाटेल, पण आपलं आतडं दिवसाकाठी जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह आत घेतं. त्यातलं १ मिलिग्रॅमच्या आसपास तर त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज निघून जातं. जे उरतं त्यातून दर महिन्याला ४० मिलिग्रॅमचं भगदाड बुजवायचं. तूट वाढली की आतडं थोडं अधिक लोह ओढून घेतं हे खरं, पण त्यालाही मर्यादा आहे. त्यात तुमचं सगळं लोह वनस्पतींमधून येतं आणि जेवणावर चहा येतो. वर्षानुवर्षं हा जमाखर्च चालला असेल तर तुमची पेढी बुडालेली असण्याची शक्यता मला दाट वाटते. रक्त तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही. पण मी तुमच्या जागी असते तर शोध इथूनच सुरू केला असता.

'माझं हिमोग्लोबिन तर नॉर्मल होतं', हे तुमच्या मनात आलं असेल. १२.१. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ही सीमारेषा. तुम्ही त्या रेषेच्या अलीकडे बोटभर उभ्या होतात, तेही वर्षापूर्वी. शिवाय लोह कमी होऊ लागलं की शरीर आधी साठा उपसतं आणि हिमोग्लोबिनला शेवटपर्यंत सांभाळून घेतं. साठ्याचा अंदाज देणारी तपासणी वेगळी, तिचं नाव फेरिटिन. फेरिटिन तळाला गेलेलं आणि हिमोग्लोबिन मात्र नॉर्मल, हे चित्र मुळीच दुर्मीळ नाही.

पण हिमोग्लोबिन नॉर्मल असताना थकवा का यावा? याचं उत्तर तुमच्या मूळ प्रश्नातच, पेशींच्या ऊर्जेत आहे.

पेशी ऊर्जा वापरते ती एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात. कार्ल लोमान यांनी जर्मनीत, आणि सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये, १९२९ साली हा रेणू स्वतंत्रपणे शोधून काढला. एटीपीची साठवण होत नाही. शरीरात एका वेळी तो अगदी थोडा असतो, पण तोच रेणू दिवसभरात शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा जुळतो. सगळी बेरीज केली तर दिवसभरात आपण जवळपास स्वतःच्या वजनाइतकं एटीपी वापरतो. ही जुळणी मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात होते, शाळेत आपण त्यांना तंतुकणिका म्हणायचो. ग्लुकोजच्या एका रेणूतून ऑक्सिजनशिवाय २ एटीपी हाती लागतात आणि ऑक्सिजनसह मायटोकॉन्ड्रियातून गेलं तर ३० ते ३२. जिना चढताना तुम्हाला लागणारी धाप या दोन आकड्यांमधल्या फरकाचीच असू शकते.

लोहाचं काम फक्त रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्याचं, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात देणारी जी साखळी असते, तिच्या प्रत्येक मोठ्या टप्प्यावर लोहाचे अणू बसलेले आहेत. म्हणजे लोह कमी पडलं की दोन्हीकडून कोंडी. ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि जो पोहोचतो तो वापरणारी यंत्रणाही लंगडते. हिमोग्लोबिन अजून सावरलेलं असतानाच स्नायू कुरकुरू लागतात ते यामुळे असावं.

२०१२ साली फ्रान्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तक्षय नसलेल्या पण सतत थकलेल्या, फेरिटिन ५० पेक्षा कमी असलेल्या १९८ स्त्रिया. निम्म्यांना १२ आठवडे लोहाची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. लोह घेणाऱ्यांचा थकवा ४८ टक्क्यांच्या आसपास उतरला. आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांचा? त्यांचाही २९ टक्क्यांच्या आसपास उतरला. या दुसऱ्या आकड्याशी जरा थांबा, कारण तुमच्या मैत्रिणीच्या 'दोन आठवड्यांत ताजीतवानी'शी त्याचा संबंध आहे. ती खोटं बोलत नाही. तिला खरोखर बरं वाटलं असेल. पण आपण स्वतःसाठी काहीतरी करतोय या भावनेनेही माणसाला बरं वाटतं, आणि थकवा आपोआपही कमी-जास्त होत असतो. तिच्या अनुभवावरून त्या कॅप्सूलमध्ये तुमच्यासाठी काय आहे हे कळत नाही.

म्हणून आधी तपासणी. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), फेरिटिन, बी १२, थायरॉइडसाठी टीएसएच आणि साखरेसाठी एचबीए१सी, एवढ्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. ताप, संसर्ग किंवा अंगात सूज असताना फेरिटिन खोटं वर दिसतं, तेव्हा सर्दी-तापात रक्त देऊ नका. आणि लोहाची गोळी तपासणीआधी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनर हा रक्तातला आनुवंशिक दोष असेल तरी तांबड्या पेशी लहानच दिसतात, पण तिथे लोह कमी असतंच असं नाही. काही जणांच्या शरीरात तर लोह जन्मतःच जास्त साठतं, त्यांना ही गोळी अपाय करते.

बायोटिनबद्दल एक गोष्ट, आणि ती कृपया लक्षात ठेवा. शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत बहुधा ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. एवढं बायोटिन रक्तात असलं की प्रयोगशाळेतल्या काही चाचण्या फसतात. टीएसएच खोटं कमी दाखवलं जातं आणि थायरॉइड जास्त काम करतोय असा भलताच निष्कर्ष निघू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात तपासतात ते ट्रोपोनिनसुद्धा खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर सूचना दिली होती. तेव्हा रक्त देण्याच्या दोन-तीन दिवस आधी गोळी थांबवा आणि ती घेत होतात हे डॉक्टरांना सांगा. माझं मत विचाराल तर ती पुन्हा सुरूही करू नका. खाऊन-पिऊन असलेल्या माणसात बायोटिनची कमतरता क्वचित सापडते. केस गळण्यामागेही लोहाचीच कमतरता निघाली तर नवल नाही.

आता खाण्याकडे वळू. रिपोर्ट येईपर्यंत ताटात जे बदल करता येतील ते आजच करा, त्यात धोका काही नाही.

सगळ्यात मोठा बदल ताटातला नाहीच, चहाच्या वेळेचा आहे. चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला पोटातच धरून ठेवतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर वनस्पतींमधलं लोह अंगी लागण्याचं प्रमाण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. कॉफीचंही तसंच, जरा कमी. मी तुमचा चहा तोडत नाही. जेवणाआधी आणि नंतर एकेक तास तो लांब ठेवा, बस. दूध, दही आणि कॅल्शियमच्या गोळीलाही लोहाच्या जेवणापासून थोडं लांब ठेवलेलं बरं.

उलट क जीवनसत्त्व लोहाला आत जायला हात देतं. डाळ-उसळीवर लिंबू पिळणं, जेवणात टोमॅटो, कच्ची ढोबळी मिरची, जेवणानंतर संत्रं किंवा पेरूची फोड, एवढंसं पुरतं. पण ते त्याच जेवणात हवं. सकाळी संत्रं आणि दुपारी डाळ असं केलंत तर उपयोग नाही, कारण ही गाठभेट पोटातच व्हावी लागते.

लोह कशातून घ्यायचं? शाकाहारी माणसाचा खरा आधार डाळी, कडधान्यं, सोयाबीन आणि टोफू. एक कप शिजलेल्या मसुरात ६ मिलिग्रॅमच्या वर लोह असतं. त्यातलं अंगी लागतं ते दहा टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी, म्हणूनच लिंबाचा एवढा आग्रह. कडधान्य भिजवलं, मोड आणले किंवा पीठ आंबवलं की त्यातलं लोह अडवणारं फायटेट कमी होतं आणि लोह, जस्त दोन्ही जरा मोकळे होतात. तीळ, भोपळ्याच्या बिया हेही चांगले. पालकावर मात्र फार भरवसा ठेवू नका. कागदावर त्यात लोह बरंच दिसतं, आत उतरतं थोडं. पालक खा, पण फोलेटसाठी आणि मॅग्नेशियमसाठी.

एक खरं सांगते. फेरिटिन तळाला गेलेलं निघालं तर नुसत्या आहाराने ते भरायला फार काळ लागेल, आणि रक्तस्राव चालू असेल तर भरणारही नाही. तिथे औषधच हवं. डॉक्टरांना एकाआड एक दिवस गोळी घेण्याबद्दल विचारा. लोहाचा डोस घेतला की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढचं लोह आत येऊ देत नाही, त्यामुळे लोह कमी असलेल्या स्त्रियांमध्ये एक दिवस सोडून घेतलेली गोळी जास्त चांगली शोषली जाते असं दिसलं आहे. पोटही कमी बिघडतं. शौचाला काळं होतं, घाबरू नका. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत सावरतं पण साठा भरायला त्यापुढे आणखी महिने लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. घरात लहान मूल असेल तर ही बाटली कुलपात ठेवा. मुलांनी मूठभर लोहाच्या गोळ्या खाणं प्राणावर बेतू शकतं.

आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाच. गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइड, तांबी, रक्त गोठण्यातला जन्मजात दोष, अशी बरीच कारणं असू शकतात आणि त्यांवर उपाय आहेत. भोक तसंच ठेवून बादली भरत राहण्यात अर्थ नाही.

दुसरी शंका बी १२ ची. हे माझ्यासाठी नुसतं पुस्तकातलं प्रकरण नाही. माझ्या आईच्या पायांना मुंग्या यायच्या, चालताना तोल जायचा, नावं आठवायची नाहीत. आम्ही सगळे 'वय झालं' म्हणत राहिलो, मीसुद्धा. वर्षभराने कुणीतरी बी १२ तपासलं. इंजेक्शनांनी थकवा गेला, विसराळूपणा बराच कमी झाला, पण पायांची बधिरता काही पूर्ण गेली नाही. ते वर्ष मला अजून बोचतं. म्हणून मुंग्या, जळजळ, जीभ लालबुंद होणं, यातलं काहीही असेल तर तपासणी लांबवू नका.

बी १२ नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिज पदार्थांत मिळतं: दूध, दही, अंडी, मासे, मांस. माणसाच्या शरीरात त्याच्यावर चालणारी एन्झाइम्स अवघी दोन. एक मायटोकॉन्ड्रियातच बसून काही मेदाम्लं आणि अमिनो आम्लं ऊर्जेच्या वाटेला लावतं, दुसरं नव्या पेशींच्या डीएनएसाठी लागतं. दोनच, पण दोन्ही अडली की रक्त आणि नसा दोन्ही उघड्या पडतात. मोठ्या माणसाची गरज दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम. एका ग्लासभर दुधात सव्वाच्या आसपास मिळतं, म्हणजे दोन वेळा ग्लासभर दूध किंवा वाटीभर दही नियमित घेतलं तर तुमचं बरंचसं भागेल. चहातल्या चमचाभर दुधाने ते होणार नाही. दूध सोसत नसेल तर बी १२ ची गोळी घ्यावी, यात कमीपणा काही नाही. स्पिरुलिना या शेवाळाच्या भरवशावर राहू नका, त्यात जे सापडतं ते बहुतांश माणसाच्या कामाचं बी १२ नसतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी ओमेप्राझोलसारखी गोळी दीर्घकाळ चालू असेल, तरीही बी १२ खाली जातं. हे मी तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांसाठीही लिहितेय. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून कमतरता इतक्या हळू येते की कुणाच्या लक्षात येत नाही.

आता कॅप्सूल. त्यातल्या बी जीवनसत्त्वांची गोष्ट खरी आहे, आणि मोठी आहे. १८८२-८३ मध्ये जपानी नौदलाचं र्‍यूजो जहाज लांबच्या सफरीवर गेलं. ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी हा नसा आणि हृदय दुबळं करणारा आजार झाला, २५ दगावले. ही माणसं उपाशी नव्हती, पोटभर पांढरा भात खात होती. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये त्सुकुबा जहाज त्याच मार्गाने पाठवलं, पण शिधा बदलून: बार्ली, मांस, कडधान्य, आटवलेलं दूध. मोजकेच आजारी पडले, एकही दगावला नाही. ताकाकींना वाटलं, प्रथिनांनी हे साधलं. खरं कारण भाताच्या कोंड्याबरोबर फेकलं जाणारं थायामिन, म्हणजे बी १, हे पुढे उलगडत गेलं. थायामिन नसेल तर ग्लुकोजचे तुकडे मायटोकॉन्ड्रियाच्या दारातच अडतात. पोट भरलेलं आणि पेशी उपाशी. रायबोफ्लेविन, नायसिन, पॅन्टोथेनिक आम्ल यांचीही त्याच कारखान्यात कामं आहेत, एकेकाचं सांगत बसत नाही.

पण या गोष्टीतून लोक भलता अर्थ काढतात. जे नसल्याने माणूस कोसळतो, ते जास्त घातल्याने माणूस धावू लागेल असं नाही. ही जीवनसत्त्वं इंधन नव्हेत, इंधन जाळणाऱ्या यंत्राचे सुटे भाग आहेत. यंत्रात चार बोल्ट लागत असतील तर चाळीस आणून वेग वाढत नाही. जास्तीचं रायबोफ्लेविन लघवीतून निघून जातं, कॅप्सूल घेणाऱ्यांची लघवी गडद पिवळी होते ती त्यानेच. आणि काही भाग नुसते वाया जात नाहीत, नुकसान करतात. बी ६ मोठ्या प्रमाणात महिनोन्‌महिने घेतलं तर हातापायांच्या नसा बधिर होतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली, आणि ऊर्जेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत याहून कितीतरी जास्त असतं. डबीवरचा आकडा वाचा. आणखी एक, बी १२ कमी असताना फॉलिक आम्ल भरपूर घेतलं तर रक्ताचं चित्र सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी मात्र आतल्या आत चालू राहते. तपासणीआधी कॅप्सूल नको म्हणते ते मुख्यतः यासाठी.

कोएन्झाइम क्यू १० मायटोकॉन्ड्रियातल्या त्या इलेक्ट्रॉनच्या साखळीतला खरा दुवा आहे, १९५७ मध्ये सापडलेला. पण ते आपलं शरीर स्वतः बनवतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी रक्तातलं त्याचं प्रमाण उतरतं, तिथे डॉक्टरांशी बोलायला जागा आहे. निरोगी माणसाला ते घेऊन ठळक ऊर्जा मिळते असं दिसलेलं नाही, आणि रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन घेणाऱ्याने तर ते विचारल्याशिवाय घेऊच नये.

एनएडी हा पेशीत ऊर्जा बनवण्याच्या कामी येणारा रेणू. तो वाढवणारी द्रव्यं ही बी ३ चीच भावंडं. ती घेतल्यावर रक्तातलं एनएडी वाढतं, हे खरं. पण त्यामुळे माणसाची ताकद किंवा उत्साह वाढतो हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

कार्निटिन मेदाम्लांना मायटोकॉन्ड्रियात नेतं. शरीर ते लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून तयार करतं आणि ते तयार करताना लागतं काय, तर क जीवनसत्त्व आणि लोह. पुन्हा लोहच! डाळीवर लिंबू पिळून खाल्लंत तर कार्निटिनचा कच्चा माल आणि कारागीर दोन्ही एकाच घासात मिळतात.

थोडक्यात, कॅप्सूल नको. तुमची मैत्रीण दुखावेल असं वाटत असेल तर तिला एवढंच सांगा की रिपोर्ट आल्यावर ठरवेन.

रात्रीचं जेवण मात्र पुन्हा सुरू करा, हे मी आग्रहाने सांगतेय. सुटे भाग कितीही जमवले तरी भट्टीत घालायला काही नसेल तर एटीपी कशाचं बनणार? जेवण एकने कमी झालं म्हणजे लोह, प्रथिनं, मॅग्नेशियम मिळवण्याची संधीही एकने कमी झाली, आणि तुमच्याकडे त्या आधीच थोड्या होत्या. वजन उतरवायचं असेल तर ते साखर, तळण आणि मधल्या वेळच्या खाण्यातून उतरवू, पण रिपोर्ट नीट झाल्यावर. तूर्त रात्री लवकर, साधं खा: डाळ किंवा उसळ, अख्खं धान्य, भाजी, वर लिंबू. प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक पदार्थ ठळक दिसला पाहिजे.

मॅग्नेशियमचं नाव वर दोनदा आलं. एटीपी पेशीत एकटं फिरत नाही, मॅग्नेशियमचा हात धरूनच काम करतं. स्त्रियांना ते दिवसाला ३१० ते ३२० मिलिग्रॅम लागतं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, भोपळ्याच्या बियांत दीडशे मिलिग्रॅम मिळतं. बदाम, शेंगदाणे, कडधान्यं, अख्खी धान्यं आणि पालेभाज्या यांतून बाकीचं येतं. गोळीची गरज नाही. जास्त झाली तर जुलाब होतात.

दुपारच्या झापडेचंही सांगते. जागेपणी एटीपी खर्च होत जातं तसा मेंदूत अॅडेनोसिन साचत जातो, तो एटीपीच्याच मोडतोडीतून येतो, आणि तो वाढला की झोप येते. चहातलं कॅफिन अॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. ऊर्जा वाढत नाही, फक्त टाकीचा काटा झाकला जातो. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. म्हणून चार वाजल्यानंतरचा चहा सोडून पाहा. सात तासांची झोप कदाचित खऱ्या अर्थाने सात तासांची होईल. घोरणं फार असेल, किंवा सकाळी डोकं जड असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

व्यायामाचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. जॉन होलोझी यांनी १९६७ साली पळायला लावलेल्या उंदरांवर दाखवलं की नियमित श्रमाने स्नायूंमधली मायटोकॉन्ड्रियाची एन्झाइम्स जवळपास दुप्पट होतात. कारखानेच वाढवणारा असा उपाय दुसरा नाही. पण तुम्ही आत्ता जिन्यावर धापा टाकताय, तेव्हा सध्या रोज वीस मिनिटं सपाटीवर चाला, बोलता येईल इतक्याच वेगाने. लोह सावरलं की पुढचं बोलू.

तुमच्या नवऱ्यासाठी चार शब्द. मन थकलेलं असू शकतं, नैराश्यातही असाच थकवा येतो आणि तोही तितकाच खरा आजार आहे. पण दर महिन्याला इतकं रक्त जाणाऱ्या बाईला तपासणीआधी 'मनाचे खेळ' म्हणणं बरोबर नाही. तपासणीच्या दिवशी त्यांनी सोबत यावं.

छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, चक्कर येऊन पडलात, गोळ्या घेत नसताना शौचाला काळं झालं किंवा वजन आपोआप उतरू लागलं, तर माझ्या उत्तराची किंवा अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

या पाळीपासून किती पॅड लागले, गाठी होत्या का आणि किती दिवस गेले, हे तारखांसह वहीत लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. बायोटिन आजच थांबवा, तीन दिवसांनी रक्त द्या, आणि फेरिटिनचा आकडा आला की मला कळवा. त्या पत्रात ताजा कलम नको, पाळीचं सगळं पहिल्याच ओळीत लिहा.

तुमची,
ताई